रोज संध्याकाळी हे एवढे कावळे जातात कुठे? इंदूरकरांचे नेहमीचे प्रश्न

बिल्डिंगच्या ग्रुपवर मला आता सरळ "कावळेवाल्या वहिनी" म्हणतात आणि मीही रागवायचं सोडलंय. आम्ही नवलख्याजवळ चौथ्या मजल्यावर राहतो, वर गच्ची, आणि गच्चीवरून रोज संध्याकाळी रेसिडेन्सीच्या जुन्या झाडांकडे जाणारी कावळ्यांची रांग दिसते. आधी वाळत घातलेले कपडे काढायला गेले की दोन मिनिटं बघायचे, मग नुसतं बघायलाच वर जायला लागले, मग वाचायला लागले, आणि मग लोकांनी विचारायला सुरुवात केली. पितृपक्षात आणि थंडीत तर फोन येतात. तेच तेच टाइप करून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय.

हे नक्की काय चाललेलं असतं?

झोपायला चाललेले असतात, दुसरं काही नाही. दिवसभर कावळे शहरभर पांगलेले असतात, कोणी चोइथराम मंडीत, कोणी मटणाच्या दुकानामागे, कोणी कुणाच्या खिडकीत पोळीची वाट बघत. ऊन उतरलं की जो तो निघतो आणि ठरलेल्या झाडांवर सगळे मिळून रात्र काढतात. अशा जागेला आपले पक्षीवाले रातथारा म्हणतात, मला फार आवडतो हा शब्द.

रातथारा म्हणजे घरटं नव्हे हं. घरटं अंडी-पिल्लांपुरतं, पिल्लं उडाली की त्याचं काम संपलं. काऊचं घर शेणाचं होतं आणि पावसात वाहून गेलं ही गोष्ट ऐकत आपण सगळे मोठे झालो, पण खऱ्या काऊला पावसाळा संपेपर्यंत घर लागेनासंच होतं, तो झाडावर शे-दोनशे जणांत बसलेला असतो. चिऊच्या दारात टकटक करायची त्याला काही गरज नाही.

किती वाजता बघायला यायचं?

सूर्य मावळायच्या तासभर आधीपासून. इंदूरला डिसेंबरात पावणेसहाच्या सुमारास मावळतो, जूनअखेर सव्वासातला, त्यामुळे घड्याळाची वेळ पाठ करू नका, आकाश बघा. ढग भरून आले असतील तर कावळे लवकर निघतात. आणि सरळ झाडावर जात नाहीत, आधी आसपास कुठेतरी थांबतात, मोबाइल टॉवर, पाण्याच्या टाक्या, मोकळं मैदान, नाहीतर अर्धवट बांधलेल्या बिल्डिंगचं क्रेन. तिथे गर्दी जमते, मग अंधारायला लागलं की एकदम उठून सगळे झाडांत घुसतात. हा मधला थांबा बघण्यासारखा असतो. सूर्यास्तानंतर वीस-पंचवीस मिनिटांत सगळं चिडीचूप. सकाळी मात्र असा कार्यक्रम नसतो, उजाडायच्या आतच निघतात आणि बघता बघता झाड रिकामं.

पण एकत्रच का? एकेकट्याने झोपलं तर काय होतं?

घुबड येतं. कावळा दिवसा सगळ्यांना पिडतो, शिक्रा दिसला की चारजण मिळून त्याच्या मागे लागतात, पण रात्री त्याला धड दिसत नाही आणि घुबडाला सगळं दिसतं. उदमांजरही झाडावर चढतं. एकटा बसलेला कावळा म्हणजे तयार ताट. पाचशे बसले असतील तर आपलाच नंबर लागायची शक्यता पाचशेत एक, शिवाय एकाला चाहूल लागली की तो बोंबलतो आणि सगळे जागे होतात. बदकांवर एक प्रयोग झालाय, रांगेत झोपलेल्या बदकांपैकी टोकाची बदकं बाहेरच्या बाजूचा डोळा उघडा ठेवून अर्ध्या मेंदूने झोपतात असं १९९९ मध्ये दिसलं. ते वाचल्यापासून मला आमच्या गावाकडच्या लग्नघरात हॉलमध्ये गाद्या टाकून झोपलेली माणसं आठवतात, दाराजवळच्या काकांना कधी गाढ झोप लागत नसे.

दुसरं कारण खाण्याचं. १९७३ मध्ये पीटर वॉर्ड आणि आमोत्झ झहावी या दोघांनी असं मांडलं की सामूहिक रातथारा म्हणजे पक्ष्यांचं माहिती केंद्र असतं. ज्याला आज पोटभर मिळालं तो उद्या सकाळी थेट तिकडेच सुटतो, ज्याला मिळालं नाही तो त्याच्या मागे लागतो. कोणी कुणाला मुद्दाम सांगत नाही, पण सकाळी एखादा न घुटमळता सरळ निघाला की बाकीच्यांना कळतं की याला जागा माहीत आहे. यावर बराच वाद झाला, सगळ्या पक्ष्यांना हे लागू होत नाही, पण अमेरिकेत रेव्हन म्हणजे कावळ्याच्याच भावकीतल्या मोठ्या काळ्या पक्ष्यांवर काम झालं आणि मेलेल्या जनावराची बातमी रातथाऱ्यातून पसरते असं दिसलं. म्हणजे आपल्या ओटल्यावर बसून "आज कुठे कांदा स्वस्त मिळतोय" चालतं तसंच, फक्त तोंड न उघडता.

थंडीचं कारणही सांगतात, पण कावळे काही एकमेकांना चिकटून बसत नाहीत, त्यामुळे दाट झाडात वारा कमी लागतो एवढाच फायदा. शब-ए-मालवाचं, म्हणजे माळव्यातल्या रात्रीचं कौतुक करणारे लोक पांघरुणात असतात, जानेवारीत पारा दहाच्या खाली गेला की उघड्या फांदीवर रात्र काढून बघा म्हणावं.

मग झोपायच्या आधी एवढा कलकलाट कशाला?

जागेवरून भांडणं. ट्रेनच्या जनरल डब्यात जे चालतं तेच. एक बसतो, दुसरा येऊन ढकलतो, तो उडून तिसऱ्याच्या डोक्यावर, असं अर्धा तास. "कावळ्यांची शाळा भरली" म्हणतो ना आपण, ते अगदी बरोबर आहे, पण शिकवणी वगैरे काही नसते, फक्त बेंचवरून मारामारी.

कोण कुठे बसायचं हे ठरलेलं असतं का?

युरोपात रूक नावाचे कावळे असतात त्यांच्या रातथाऱ्यावर अभ्यास झालाय आणि तो मी सगळ्यांना सांगत सुटते कारण मला तो फार आवडतो. तिथे मोठी, वजनदार मंडळी वरच्या फांद्यांवर बसतात आणि पोरंसोरं खाली. कारण उघड आहे, खाली बसणाऱ्याच्या पाठीवर रात्रभर वरून काय पडतं ते तुम्हीच समजा. पण फार वारा-गारठा असला की तीच मोठी मंडळी खाली उतरून येतात आणि पोरांना वर पाठवतात. आमच्या सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "म्हणजे आपला रामबागेतला वाडाच की. उन्हाळ्यात गच्ची थोरल्यांची, पावसात गळकी खोली आमची."

शहरातच का येतात? रालामंडलला एवढं जंगल आहे की.

जंगलात घुबडं जास्त. शहरात दिव्यांमुळे कोण येतंय ते दिसतं, रात्री शहर बाहेरच्यापेक्षा थोडं उबदार असतं आणि सकाळी नाश्ता जवळ. सिंगापूरला गावकावळ्यांच्या रातथाऱ्यांचा अभ्यास झाला तिथेही हेच, माणसांची वर्दळ असलेल्या, उजेडाच्या जागी, उंच दाट झाडांवर. आपल्याला वाटतं त्यांना शांतता हवी, तर तसं काही नाही. त्यांना झाड मात्र जुनं आणि भरगच्च लागतं, पिंपळ, वड, चिंच, आंबा. नवीन कॉलन्यांमधल्या त्या बाटलीच्या ब्रशसारख्या शोभेच्या झाडांवर कावळा झोपायला जात नाही, आणि जुनी झाडं कुठे उरलीत हे इंदूरमध्ये राहणाऱ्याला सांगायला नको. रेसिडेन्सी, जुन्या कोठ्यांची आवारं, नेहरू पार्क, नवलख्याचं प्राणीसंग्रहालय. कावळ्यांची रांग बघितली की शहरात सावली कुठे शिल्लक आहे याचा नकाशाच मिळतो.

हे सगळे एकाच जातीचे असतात?

बहुतेक गावकावळे, ज्यांची मान राखाडी असते. मधूनमधून डोमकावळे, ते पूर्ण काळे, अंगाने जाड, चोच जाड आणि आवाज घोगरा, सर्दी झाल्यासारखा. शिवाय त्याच झाडावर साळुंक्या आणि पोपटही असतात, पोपट कावळ्यांच्या आधी आरडाओरडा करत येतात. गावकावळ्याचं शास्त्रीय नाव कॉर्व्हस स्प्लेन्डेन्स, त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ झळाळणारा. हसू नका, सकाळच्या तिरप्या उन्हात त्याचे पंख जवळून बघा, निळे-जांभळे चमकतात, पैठणीच्या पदरासारखे.

इंदूर स्वच्छ झालं म्हणून कावळे कमी झाले, खरं का?

हा प्रश्न पाहुणे विचारतात, विशेषतः पुण्याचे. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात आपला नंबर पहिला, कोपऱ्याकोपऱ्यावरच्या कचरापेट्या गेल्या, सकाळी गाणं वाजवत गाडी येते आणि ओला कचरा घेऊन जाते. तो देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्लांटला जातो, फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला तो, रोज ५५० टन ओला कचरा घ्यायची त्याची ताकद आहे. म्हणजे आपली खरकटी पोळी, भाताची शितं, आंब्याच्या कोयी, जे आधी कोपऱ्यावर पडायचं आणि कावळ्याला मिळायचं, त्यावर आता शहराच्या बस चालतात. कावळ्याच्या तोंडचा घास बसच्या टाकीत गेला म्हणा.

आता माझं मत. कावळे संपले नाहीत, त्यांचे पत्ते बदललेत. मंडी, मटण-मच्छीची दुकानं, ठेल्यांच्या रांगा, हॉस्टेलांच्या मेस, शहराबाहेरची गावं, इथे ते दिवसा भरपूर आहेत. आपल्या गल्लीत दिसत नाहीत कारण आपल्या गल्लीत त्यांच्यासाठी काही उरलेलंच नाही. स्वच्छतेबद्दल माझी अजिबात तक्रार नाही, बरं का, मी स्वतः सुका-ओला वेगळा करते आणि न करणाऱ्या शेजाऱ्यांना ऐकवते पण. फक्त हिशोब सांगितला.

संध्याकाळी शेकडो दिसतात, मग श्राद्धाच्या दिवशी एक कावळा का येत नाही?

या प्रश्नासाठीच खरं तर मी हे सगळं लिहायला बसले.

सासरे गेले त्यानंतरच्या पहिल्या पितृपक्षातली गोष्ट. सगळं सोवळ्यात झालं, खीर, वडे, आमटी, अळूची भाजी, केळीच्या पानाच्या तुकड्यावर काकबळी काढून गच्चीच्या कठड्यावर ठेवला. बारा वाजले. साडेबारा. सासूबाई पदर डोक्यावर घेऊन उभ्या, "या हो, या, काव काव", खाली पोरं भुकेने रडवेली, गुरुजींना पुढच्या घरी जायची घाई, दोन खारी येऊन वडा हुंगून गेल्या आणि कावळा म्हणाल तर आकाशात टिपूस नाही. एक वाजता सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "ह्यांचं काहीतरी राहिलंय मनात", असं सुरू झालं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिवायला लावला आणि आम्ही जेवलो, पण त्या दिवशी जेवण कुणालाच गेलं नाही. आणि संध्याकाळी मी कपडे काढायला वर गेले तर डोक्यावरून कावळेच कावळे, थांबायचं नावच नाही. इतका राग आला मला.

आता कळतं काय झालं ते. पहिलं म्हणजे ते संध्याकाळचे कावळे आपले नसतातच. ते कुठून कुठून, काही किलोमीटरवरून आलेले, पोट भरलेले, झोपायच्या घाईत वरून जाणारे लोक. बसस्टँडवर गर्दी असते म्हणून कोणी आपल्या घरी जेवायला येतं का? आपल्या गच्चीचा कावळा म्हणजे जो दिवसा आपल्या भागात फिरतो तो, आणि आमच्या गच्चीवर वर्षभर काही ठेवलेलंच नव्हतं तर कोण येणार. दुसरं म्हणजे वेळ. श्राद्धाचं पान दुपारी, आणि कावळ्याची खाण्याची धांदल सकाळी, मग परत ऊन उतरल्यावर. भर दुपारी तो सावलीत चोच उघडी टाकून बसलेला असतो. तिसरं, कावळा नव्या वस्तूला भितो. रोज रिकामा असलेला कठडा, त्यावर अचानक हिरवं पान, आणि बाजूला हात हलवत ओरडणारी सहा माणसं. तुम्ही आला असतात?

पुढच्या वर्षी मी पंधरा दिवस आधीपासून रोज सकाळी सात वाजता कठड्याच्या त्याच जागी पोळीचा तुकडा ठेवायला सुरुवात केली. चौथ्या दिवशी एक आला, उजव्या पायाचं एक बोट वाकडं असलेला. आधी टाकीवर बसला, मान डावीकडे, मान उजवीकडे, दोन उड्या, मागे एक उडी, तुकडा उचलला आणि गेला. आठवडाभरात जोडी यायला लागली. मग तुकडा थोडा उशिरा, थोडा उशिरा, असं करत अकरापर्यंत आणला. श्राद्धाच्या दिवशी पान ठेवून मी सगळ्यांना जिन्यात मागे उभं केलं. तोच आला, वाकड्या बोटाचा. खिरीकडे बघितलंही नाही, थेट वडा उचलला. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "ह्यांना वडेच आवडायचे."

मी काही बोलले नाही. पंधरा दिवसांची पोळी मी त्यांना अजून सांगितलेली नाही, आणि तुम्हीही सांगू नका.

कावळे जमले तर अपशकुन असतो का? पाहुणे येतात का?

कावळा ओरडला की पाहुणे येतात असं धरलं तर रेसिडेन्सीजवळ राहणाऱ्यांच्या घरी रोज वरात उतरायला हवी. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, बाकी काही नाही. घरटं किती उंचावर बांधलंय त्यावरून पाऊस सांगतात तेही मी तीन वर्षं पडताळलं, एकाच गल्लीत एक घरटं शेंड्याला आणि एक मध्यावर होतं, आता पाऊस कुणाचं ऐकणार.

त्याला खरंच एकच डोळा असतो?

नाही हो, दोन्ही चांगले असतात. डोळे बाजूला असल्यामुळे नीट निरखायचं तर मान वाकडी करून एका डोळ्याने बघतो, त्यावरून रामाने दर्भाने कावळ्याचा डोळा फोडला ही रामायणातली कथा आणि कावळा एकच बुबुळ दोन्ही खोबणींत फिरवतो असं मानणारा संस्कृतातला काकाक्षिगोलक न्याय आला.

मध्ये कावळे मेले होते ना इंदूरला? झाडाखालून जायला भीती वाटते.

डिसेंबर २०२० च्या शेवटी डेली कॉलेजच्या परिसरात पन्नासेक कावळे मेलेले सापडले, भोपाळच्या प्रयोगशाळेत नमुने गेले आणि एच५एन८ हा बर्ड फ्लूचा विषाणू निघाला. मग मंदसौर, आगर-मालव्यातही सापडले आणि जानेवारीत इतर राज्यांतूनही बातम्या आल्या. एकत्र झोपण्याची ही दुसरी बाजू, घुबडापासून वाचवणारी गर्दी आजाराला सोयीची पडते. तेव्हा आमच्या ग्रुपवर लोकांनी अंडी खायची बंद केली आणि झाडं तोडा म्हणायला लागले.

नुसतं झाडाखालून गेल्याने काही होत नाही. मेलेला किंवा लटपटणारा पक्षी दिसला तर हात लावायचा नाही, कुत्र्याला आणि पोरांना लांब ठेवायचं, आणि एकापेक्षा जास्त दिसले तर पशुपालन विभागाला किंवा नगर निगमला फोन करायचा. एखादा कावळा तारेला चिकटून मेला असेल तर तो वेगळा प्रकार, पण हात त्यालाही लावायचा नाही. अंडी-चिकन नीट शिजवून खा, एवढंच तेव्हाही सांगितलं होतं.

गाडीचं काय करायचं? सकाळी पांढरी झालेली असते.

झाडाखालून काढा. खरंच, दुसरा उपाय नाही, किंवा कव्हर घाला. त्या पांढऱ्या भागात यूरिक ॲसिड असतं, रंगावर डाग पाडतं, त्यामुळे उन्हात वाळू देऊ नका आणि कोरडं खरवडू तर अजिबात नका, ओलं फडकं दोन मिनिटं ठेवून मग पुसा. झाडाखाली महिनोन्महिन्यांचा वाळलेला थर असेल तर झाडूने उडवायचा नाही, पाणी मारून, नाका-तोंडाला मास्क लावून काढायचा, कारण अशा जुन्या विष्ठेत बुरशी वाढते आणि तिची धूळ फुफ्फुसात गेली तर त्रास देते. आमच्या वॉचमनला हे सांगितलं तर म्हणाला, "मॅडम, कौए को समझाओ, मुझे क्यों." त्याचंही बरोबर आहे.

फटाके लावून हाकलले तर?

जातात. पलीकडच्या गल्लीत. दोन दिवसांनी परत येतात किंवा मोठ्या झुंडीच्या चार लहान झुंडी होतात आणि चार गल्ल्यांत तक्रारी सुरू. दिवाळीच्या रात्री मी बघितलंय, लडी वाजली की अख्खं झाड उठतं आणि अंधारात गोल गोल फिरत राहतं, दमून कुठेही उतरतं. भारत मॅच जिंकला आणि राजवाड्यावर जल्लोष झाला की तिकडच्यांचं काय होत असेल देव जाणे.

कायद्याचं विचाराल तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यात कावळा उंदीर-घुशींबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होता, शेड्यूल पाच. २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीच काढून टाकली आणि १ एप्रिल २०२३ पासून ते लागू आहे, त्यामुळे "कावळा मारला तर चालतं" असं सांगणारे जुन्या जमान्यात आहेत. आणि झाड तोडायला परवानगी लागते, शहरी भागातल्या झाडांसाठी मध्य प्रदेशचा २००१ चा कायदा आहे. रातोरात फांद्या छाटणाऱ्या एका सोसायटीच्या कमिटीला मी हे तोंडावर सांगितलंय, नाव घेत नाही, त्यांना कळेलच.

तसं आपला हा गावकावळा सगळीकडे लाडका नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तो झांझिबारला नेला गेला, तिथून पूर्व आफ्रिकाभर पसरला, तिथल्या पक्ष्यांची अंडी-पिल्लं खायला लागला, आणि २०२४ मध्ये केनिया सरकारने दहा लाख कावळे मारायची योजना जाहीर केली. माणसानेच नेलं आणि माणूसच वैतागला.

रात्री दोन वाजता ओरडतात, ते का?

काहीतरी हललं म्हणून. घुबड, मांजर, जोराचा वारा, लग्नाच्या वरातीचा डीजे. चांदणं लख्ख असलं की जास्त चुळबुळ करतात.

एक मेला की शेकडो का जमतात?

बघितलं असेल तुम्ही, तारेला चिकटून एक खाली पडतो आणि पाच मिनिटांत वर काळं आकाश. दुखवटा म्हणायचं तर म्हणा, पण अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठात यावर प्रयोग झाले, मेलेल्या कावळ्याजवळ जो माणूस दिसला त्याच्यापासून बाकीचे कावळे नंतर कितीतरी दिवस सावध राहिले आणि त्या जागेजवळचं खाणंही टाळायला लागले. म्हणजे इथे काय धोका आहे आणि कुणापासून आहे, याची ती पंचनाम्याची गर्दी असते.

तिथेच २००६ मध्ये काहींनी विचित्र मुखवटा घालून सात कावळे पकडले आणि सोडून दिले. त्यानंतर तो मुखवटा घालून कोणीही फिरलं की कावळे ओरडत मागे लागायचे, वर्षानुवर्षं, आणि ज्यांना कधी पकडलंच नव्हतं तेसुद्धा. तेव्हा दगड मारायच्या आधी विचार करा, तो तुम्हाला ओळखणार आहे, आणि रोज तुमच्याच दारावरून झोपायला जाणार आहे.

उन्हाळ्यात रांग छोटी का होते?

एप्रिलपासून जोड्या घरट्यांना लागतात. मादी अंड्यांवर बसलेली असते, सोळा-सतरा दिवस, ती रात्री कुठे जाणार. नर जवळपास पहारा देतो, कारण कोकिळा टपलेली असते. हो, तीच जिचं कौतुक करता तुम्ही, तिचं अंडं याच्या घरट्यात आणि तिचं पोर हा वाढवतो. रातथाऱ्यावर तेव्हा बिनलग्नाचे आणि गेल्या वर्षीची पोरंच जास्त. पावसाळ्यात नवी पिल्लं उडायला लागली की रांग परत भरते, आणि दिवाळीनंतर सगळ्यात लांब होते.

मोजायचे कसे? मला दहाच्या पुढे गोंधळ होतो.

सगळ्यांचा होतो. झाडावर बसलेले मोजू नका, येणारे मोजा. एक जागा धरायची, म्हणजे समोरची पाण्याची टाकी आणि नारळाचं झाड, त्या दोघांच्या मधून जाणारेच मोजायचे. मी दोन वाट्या घेऊन बसते, एकीत शेंगदाणे. दहा कावळे गेले की एक शेंगदाणा या वाटीतून त्या वाटीत. परत उलटे गेले तर एक शेंगदाणा माघारी. अंधार पडला की दुसरी वाटी मोजायची, गुणिले दहा, आणि ईबर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर टाकून द्यायचं, तारीख-वेळेसकट. फेब्रुवारीत चार दिवस जगभर घराजवळच्या पक्ष्यांची मोजणी होते, भारतात २०१३ पासून चालू आहे, तेव्हा लोक धनेश-बिनेश शोधायला लांब जातात आणि कावळा लिहायचाच विसरतात.

एकच सांगते, मोजून झाल्यावर वाट्या आठवणीने खाली आणा. मी एकदा कठड्यावर विसरले. सकाळी शेंगदाणे गेले ते गेले, माझ्या माहेरची स्टीलची वाटी खाली पार्किंगमध्ये सापडली, पोचा आलेली, आणि वर टाकीवर वाकड्या बोटाचा बसलेला, मान वाकडी करून.